आधी कोणाचा कान

आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ज्या राहतात त्यांना सगळी बिल्डिंग होल्डताई म्हणते. हे नाव मी ठेवलं. कबूल करून टाकते, कारण पुढे बरंच काही कबूल करायचं आहे आणि सुरुवात सोप्यापासून केलेली बरी.

ताईंना काहीही विचारा, पाणी आलं का, लिफ्ट दुरुस्त झाली का, त्या एक बोट वर करणार आणि म्हणणार, “एक क्षण थांबा हं.” तो क्षण त्या तुम्हाला खरोखर थांबवतात. मग उत्तर येतं, तेही इतकं स्वच्छ आणि गोड की पुन्हा विचारावंसं वाटावं. एकोणतीस वर्षं देशाच्या सेना मुख्यालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाईचं दुसरं काय होणार? त्यांचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहेत, अगदी गरीब गाय. त्यांना मी एकदा म्हटलं, “भाऊजी, तुमच्या घरात भूक लागली तर तिलाही होल्डवर ठेवतात का हो?” ते चष्मा पुसत म्हणाले, “ठेवतात. पण लाइन तुटत नाही, एवढं आहे.”

मला खोड माहिती काढायची. दिवसभर शिलाई मशीनवर मान मोडायची आणि संध्याकाळी गच्चीत वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने जगाची खबर घ्यायची. सगळ्या बिल्डिंगची अंडीपिल्ली मला ठाऊक. पण मुख्यालयाच्या बाबतीत ताई म्हणजे बंद कुलूप. कोण कोणाशी काय बोललं, हे त्यांनी कधी, अगदी चुकूनसुद्धा सांगितलं नाही. फक्त एक गोष्ट त्या सांगायच्या, तीही हातातली चादर नीट घडी घालून झाल्यावर: कोण कोणाच्या वर.

“देशाचा सगळ्यात मोठा सेनापती कोण, ताई?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.

“कागदावर राष्ट्राध्यक्ष. पण एवढ्या वर्षांत त्यांनी बोर्डाकडे कधी नंबर मागितलेला मला आठवत नाही.”

“मग खरा?”

“खरा हुकूम संरक्षणमंत्र्यांचा. त्यांच्याखाली तीन प्रमुख. भूदलाचे, नौदलाचे, हवाई दलाचे. तिघांचे तीन मजले, तीन पीए, तीन जिने.”

“आणि त्या तिघांत मोठा कोण?”

“कोणीच नाही. तिघांच्याही खांद्यावर चार-चार तारे.”

“असं कसं? एका घरात तीन जावा आणि थोरली कोणीच नाही?”

ताई हसल्या. “असते की. जी आधी लग्न होऊन आली ती.”

आणि मग त्यांनी मला तो नियम सांगितला. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही म्हणे, पण एक्स्चेंजमध्ये तो श्वासासारखा पाळला जातो. दोन साहेबांना बोलायचं असेल तर जो धाकटा, त्याचा कान आधी फोनला लागायचा. तो लाइनवर येऊन थांबणार, आणि मग थोरल्याच्या पीएला सांगायचं, साहेब तयार आहेत. थोरल्याने रिसीव्हर उचलला की समोर माणूस हजर. थोरल्याला कधी थांबावं लागता कामा नये. आता तिघांचे तारे सारखे, तेव्हा धाकटा कोण? ज्याची नेमणूक नंतरची तो. एका दिवसाचा फरक असला तरी.

“म्हणजे आवाजाला हुद्दा नाही, कानाला आहे,” मी म्हटलं.

“अगदी! काका असंच म्हणतात.”

काका म्हणजे पाटीवाले काका, एक्स्चेंजचे पर्यवेक्षक. बाविसाव्या वर्षी हेडफोन उलटा घालून बोर्डासमोर बसलेल्या ताईंना त्यांनीच घडवलं. बोर्डाच्या वर भिंतीवर एक काळी पाटी आहे. तीवर काका खडूने, छापल्यासारख्या अक्षरात, क्रम लिहितात: वर मंत्री, खाली तीन प्रमुख, नेमणुकीच्या तारखेप्रमाणे. प्रमुख बदलला की काका स्टुलावर चढून ओल्या फडक्याने एक ओळ पुसतात आणि सगळ्या ओळी नव्याने लिहितात. त्या पाटीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लेखी आदेश आल्याशिवाय काकांनीसुद्धा नाही.

काकांबद्दल बोलताना ताईंचा आवाज निराळा व्हायचा. त्यांना वडील लवकर गेले होते, एवढंच मी इथे सांगते.

त्या एक्स्चेंजमध्ये आणखी एक प्रथा होती. ऑपरेटर निवृत्त होतो त्या दिवशी, चार वाजता, तिन्ही प्रमुख एकामागून एक लाइनवर येतात. आधी ते येतात. चार तारेवाला माणूस कानाला रिसीव्हर लावून थांबतो, आणि मग ऑपरेटर सावकाश हेडफोन चढवून म्हणतो, “बोला साहेब.” साहेब दोन शब्द बोलतात, आभार मानतात, संपलं. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचे कान सांभाळले त्याच्यासाठी एक दिवस मोठे कान थांबतात. बोर्डावरून निवृत्त होणाऱ्यालाच हा मान, बाकी खात्यांना नाही. काकांनी आपल्या हातांनी अकरा जणांना हा मान दिला होता. यंदा त्यांची पाळी होती. दोन महिने राहिले होते. ताई सांगायच्या, काकांनी त्या दिवसासाठी कोट शिवायला टाकलाय. मी म्हटलं, “माझ्याकडे टाकला असता तर!” ताई म्हणाल्या, “तुझी शिलाई चांगली आहे गं, पण तू कोटाबरोबर बातम्याही शिवतेस.”

बरोबरच होतं ते.

तर अशात सरकारने नवं पद काढलं. संयुक्त प्रमुख. पेपरांत पानं भरून आलं, पण मला समजलं ते गच्चीवर. पूर्वी एका सरावात म्हणे भूदल नदीच्या अलीकडे थांबलं आणि विमानांनी तो अलीकडचाच काठ शत्रूचा समजून त्यावर रंगाच्या पुड्या टाकल्या, कारण दोघांकडे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे. शेदोनशे जवान निळे होऊन परत आले. तेव्हापासून तिघांची मोट बांधणारा कोणीतरी पाहिजे, अशी चर्चा चालली होती. आता तो आला. मंत्र्यांना सल्ला तो देणार, मोठ्या मोहिमांच्या योजना त्याच्या खोलीत होणार, तिन्ही दलांची खरेदी तो एकत्र बघणार. पण तिघांच्या दलांना थेट हुकूम मात्र तो देऊ शकत नाही. त्याचेही तारे चारच. आदेशात शब्द होते, “समानांमध्ये प्रथम.”

“म्हणजे सासू आली, पण किल्ल्या सुनांच्याच कमरेला,” मी म्हटलं.

“चेष्टा करू नकोस,” ताई म्हणाल्या. “काकांना तीन दिवस झोप नाही. पाटीवर हे नाव लिहायचं कुठे?”

खरंच प्रश्न होता. मान बघाल तर सगळ्यात वर. तारीख बघाल तर सगळ्यात खाली, कारण नेमणूक कालची. आणि फोनला “समानांमध्ये प्रथम” वगैरे काही कळत नाही. कोणाचा तरी कान आधी लागणारच. काकांनी वर लेखी विचारलं. उत्तर आलं, आदेश निघेल, वाट पाहा. लेखी आदेशाशिवाय पाटीला हात लावायचा नाही, म्हणून काकांनी पाटी तशीच ठेवली. पण बोर्डावरच्या चौघींना समोर उभं करून तोंडी सांगितलं, “आदेश येईपर्यंत नव्या साहेबांना थोरलं समजायचं. तिघांना आधी लाइनवर घ्यायचं. चुकून थांबले तर धाकटे थांबू देत, थोरला नको.”

त्या आठवड्यात एके दिवशी संध्याकाळी ताई गच्चीवर आल्या त्या हसतच. असं हसणं त्यांच्या तोंडावर मी पाहिलं नव्हतं, शाळेत मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावून आलेल्या पोरीसारखं.

“आज मोठ्या साहेबांना लटकवलं,” त्या म्हणाल्या.

“कोणाला?”

“नव्या. संयुक्त प्रमुखांना. त्यांनी नौदलप्रमुख मागितले. मी आधी यांनाच लाइनवर घेतलं. नौदलप्रमुख हिरवळीवर फेऱ्या मारत होते, पीए शोधायला धावला. साडेतीन मिनिटं साहेब कानाला लावून उभे!”

“अहो पण का?”

“पाटीवर त्यांचं नाव कुठे आहे? पाटीप्रमाणे नौदलप्रमुख थोरले. मी पाटीप्रमाणे केलं.” आणि मग जरा आवाज खाली आणून, “त्यांचा तो नवा पीए. पहिल्याच दिवशी मला म्हणतो, ‘ए बोर्ड, जरा चटचट, आता तुमच्या वरचे आलेत.’ ए बोर्ड! एकोणतीस वर्षांत मला कोणी ताईशिवाय हाक मारली नाही. म्हटलं, थांबू दे जरा ह्याच्या साहेबाला.”

आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. “कोणाला सांगू नकोस हं,” त्या म्हणाल्या. “छे हो!” म्हटलं मी. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत जाईस्तोवर तिघींना सांगून झालं होतं, आणि तिसरीला तर मी साहेबांची नक्कल करून दाखवली, तिच्या हातातलं लाटणं कानाला लावून, ताठ उभी राहून, डोळे छताकडे.

पुढचे दीड महिने बिल्डिंगमध्ये तोच विनोद. ताई जिन्यात दिसल्या की कोणीतरी विचारायचंच, “काय ताई, सेनापती उतरले का खाली, की अजून लटकलेत?” ताई हसायच्या नाहीत. मला वाटलं, दमल्या असतील. गच्चीवर येणंही कमी झालं. आल्या तर कपडे गोळा करून घडी न घालता निघून जायच्या. घडी न घालता! त्या वेळीच मला कळायला हवं होतं.

एका संध्याकाळी मीच त्यांना अडवलं. टॉवेल पिळत होत्या. तो टॉवेल कधीच कोरडा झाला होता.

“ताई, बिनसलंय काय? माझ्या नकलेमुळे राग आला असेल तर कान पकडते.”

“तुझ्यावर कशाला रागावू?” त्या म्हणाल्या. “तू आपली नक्कल केलीस. मी खोटं बोलले.”

मग ते सगळं बाहेर आलं. अडखळत, मध्येच थांबत. ही बाई, जिच्या तोंडून शब्द मोजून मापून यायचा, ती वाक्य अर्धं टाकून दुसरं धरत होती.

साहेब थांबले त्याचं साहेबांनी काहीच केलं नाही. ते बोलले, फोन ठेवला, विषय संपला. पण त्यांच्या खोलीतल्या लोकांनी तो उचलला. भूदलवाल्यांना वाटलं, नौदलाने मुद्दाम घडवलं. नौदलाला वाटलं, आपल्याला तोंडघशी पाडायला कोणीतरी रचलं. हवाई दलवाले म्हणाले, आमचा संबंध नाही, पण पद्धत काय ती ठरवाच. तिसऱ्या दिवशी प्रशासनाचे एक कर्नल फाइल घेऊन थेट एक्स्चेंजमध्ये आले. ताईंना उभं केलं. शेजारी काका.

“पाटीवर काय होतं?” कर्नलनी विचारलं.

“तीन नावं होती, साहेब. नव्या साहेबांचं नव्हतं.”

“बरं. पाटीशिवाय तोंडी काही सूचना होती का?”

“आणि मी नाही म्हटलं,” ताई म्हणाल्या.

“घाबरलात हो,” मी म्हटलं.

“नाही गं. घाबरले असते तर बरं होतं. घाबरलेल्या माणसाचं तोंड सुटतं. माझ्या डोक्यात सगळं अगदी लख्ख होतं. हो म्हटलं तर विचारणार, सूचना असून मोडली का. मग पीएचं सांगावं लागणार. एवढ्या वर्षांची बाई ‘ए बोर्ड’ म्हटलं म्हणून देशाच्या प्रमुखाला लटकवते, हे त्या फाइलीत जाणार. काकांनंतर पर्यवेक्षक मी होणार होते. हे सगळं एवढ्याशा वेळात माझ्या मनात येऊन गेलं, आणि मग मी अगदी आवाज लावून, लाइनवर बोलते तशी, म्हटलं, नाही साहेब, तोंडी सूचना नव्हती.”

“आणि काका?”

“कर्नल त्यांच्याकडे वळले. ‘तुम्ही पर्यवेक्षक. लेखी आदेश नव्हता हे ठीक. पण बोर्डावरच्या माणसाला काहीच सांगितलं नाही?’ काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बोर्डावर दिवा लागला आणि मला दिसला नाही की बघायचे, तसं. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. मग म्हणाले, ‘सांगायचं राहून गेलं असेल, साहेब. वय झालं.’”

बाकीच्या तिघी? त्या आपापल्या बटणांकडे बघत राहिल्या. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि न विचारता तिथे कोणी बोलत नाही.

आठवड्यात काकांची बदली झाली. भांडारात. ट्यूबलाइट, खडू, झाडू, फाइलींचे गठ्ठे द्यायचे आणि सही घ्यायची. शेवटचे दोन महिने. आणि तिथून निवृत्त होणाऱ्याला तो चार वाजताचा फोन नाही.

मी काही बोलणार होते. एरवी माझी जीभ म्हणजे नळ, वॉशर गेलेला. त्या दिवशी थेंब नाही. मला सारखी माझी नक्कल दिसत होती, लाटणं कानाला लावलेली, आणि खाली हसणाऱ्या बायका, आणि जिन्यातून मान खाली घालून वर जाणाऱ्या ताई. मी ज्याला विनोद म्हणून घरोघर वाटत होते त्यात एका म्हाताऱ्या माणसाचा मान गेला होता.

“उद्या जाऊन सांगा,” शेवटी एवढंच म्हटलं. “कर्नलना. अजून वेळ आहे.”

“आहे,” त्या म्हणाल्या. “नऊ दिवस.”

गेल्या त्या. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी. कर्नलनी ऐकून घेतलं, मग फाइल न उघडताच तिच्यावर हात ठेवला. “बाई, हे प्रकरण आता मिटलं आहे. चारही साहेबांच्या कार्यालयांनी मिळून पद्धत ठरवली आहे. ही फाइल पुन्हा उघडायची तर चौघांना पुन्हा एका खोलीत बसवावं लागेल. तुम्हाला कल्पना आहे त्याला किती दिवस लागतात?”

पद्धत काय ठरली ती ऐका. विषय तिन्ही दलांचा मिळून असेल तर संयुक्त प्रमुख थोरले, बाकीच्यांनी आधी लाइनवर यायचं. विषय एकाच दलाचा असेल तर तारखेप्रमाणे. म्हणजे आता ऑपरेटरने आधी विचारायचं, साहेब, विषय काय आहे? आणि तो सांगायची साहेबांना परवानगी नाही, कारण गोपनीय! अशी व्यवस्था करायला पाच आठवडे आणि चार कार्यालयं लागली. एरवी मी यावर महिनाभर बिल्डिंग हसवली असती.

“मग तुम्ही काय म्हणालात कर्नलना?” मी विचारलं.

“काय म्हणणार? उठून आले. सुटले असंही वाटलं, तुला खरं सांगते. मी सांगायला गेले होते, त्यांनीच घेतलं नाही, असं स्वतःला समजावत बसस्टॉपपर्यंत आले. तिथे उभी राहिले आणि माझी मलाच किळस आली.”

काकांचा शेवटचा दिवस उजाडला. ताई बोर्डावर होत्या. पावणेचारला संयुक्त प्रमुखांच्या खोलीचा दिवा लागला. पीए चहाला गेला असावा, साहेब स्वतःच होते. “पुरवठा विभाग द्या,” म्हणाले.

ऑपरेटरने लाइनवर नंबराखेरीज शब्द बोलायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा. ताईंनी नंबर लावला नाही.

“साहेब, क्षमा करा. मी बोर्डावरून बोलते. तुम्ही आलात त्या आठवड्यात मी तुम्हाला थांबवलं होतं.”

“आठवतं. पुढे?”

“चूक माझी होती. मला सूचना होती. आमच्या पर्यवेक्षकांनी दिली होती. मी नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांनी ते अंगावर घेतलं. आज ते निवृत्त होतायत. भांडारातून.” मग त्यांनी चार वाजताची प्रथा सांगितली, कशीबशी, एका दमात.

साहेबांनी जास्त काही विचारलं नाही. “लावा भांडार,” म्हणाले. “मी आहे लाइनवर.”

तेव्हा बोर्डावर शेजारच्या बायकांनी हात थांबवले होते म्हणे. ताईंनी भांडाराचं एक्स्टेन्शन लावलं. तीन घंट्या. काकांनी उचललं.

“काका, मी बोलते. संयुक्त प्रमुख लाइनवर आहेत. आधी आलेत. तुमच्यासाठी थांबलेत.”

ताई सांगतात, पलीकडे कोणीतरी मागे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. काका उभे राहिले असावेत. मग म्हणाले, “कोणी सांगितलं त्यांना?”

“मी.”

“विनंती केलीस?”

“हो काका.”

“मग नको, पोरी. तो मान मागून घ्यायचा नसतो. आणि कागदावर मी अजून चुकलेला माणूस आहे. चुकलेल्या माणसासाठी साहेबांना कसं थांबवायचं? त्यांना सोड. उगाच थांबवू नकोस.” आणि ठेवला.

ताईंना पुन्हा साहेबांच्या लाइनवर यावं लागलं. “साहेब, ते… येत नाहीत म्हणाले.”

“का?”

त्यांनी कारण सांगितलं, शब्दाला शब्द.

“बरोबर आहे त्यांचं,” साहेब म्हणाले. “तुम्ही हे लेखी द्याल?”

“आत्ता देते.”

“द्या. पुरवठा विभाग लावा.”

आणि त्यांनी पुरवठा विभाग लावला. काम तर करायचंच होतं.

लेखी दिलं त्यांनी, त्याच दिवशी. कर्नलनी पुन्हा विचारलं म्हणे, नक्की ना? यावेळी ताईंनी सगळं लिहिलं होतं, पीएचं बोलणं, स्वतःचा राग, काकांची सूचना, आणि “मी पाहिलं नाही त्यांच्याकडे” हेसुद्धा. कर्नल म्हणाले, हे शेवटचं वाक्य चौकशीच्या कामाचं नाही, काढा. ताईंनी काढलं नाही.

फाइल उघडली. चार कार्यालयांतून फिरून यायला तिला तीन आठवडे लागले. निकाल दोन ओळींचा. पर्यवेक्षकांनी योग्य सूचना दिली होती, त्यांच्यावरचा ठपका रद्द. संबंधित ऑपरेटरला बोर्डावरून हटवण्यात येत आहे. ताईंना आता बिलं तपासणाऱ्या खोलीत टेबल मिळालंय, फोनशिवायचं. त्या दिवशी जिन्यात एकीने विचारलं, “काय ताई, सेनापती उतरले का?” मी मध्ये पडले आणि तिला असं काही बोलले की ती अजून माझ्याशी बोलत नाही. पण त्याचा काय उपयोग? विनोद माझाच होता, तिने फक्त परत केला.

काकांच्या घरी तो कागद द्यायला ताईंबरोबर मी गेले. मीच म्हटलं येते म्हणून, कारण त्या दारापर्यंत जाऊन परत येतील अशी मला भीती होती. दुसऱ्या मजल्याचं छोटं घर, दारात चपला ओळीने. काकांच्या पत्नीने दार उघडलं. ताईंना बघून त्यांचा चेहरा आक्रसला, पण “या” म्हणाल्या. खुंटीवर नवा कोट होता, प्लास्टिकच्या पिशवीत, तसाच. शिलाई चांगली होती. माझी नजर तिकडे गेली हे काकूंनी पाहिलं.

“भांडारात घालून गेले होते,” त्या म्हणाल्या. “झाडू देताना खराब होईल म्हटलं, तर म्हणे, आज घालायचाच ठरलेला दिवस आहे. आल्यावर काढून ठेवला तो ठेवला.”

ताईंनी मान वर केली नाही.

काका आतून आले. माझ्या मनात पाटीवाले काका म्हणजे उंच, भारदस्त माणूस होता. हे तर एवढेसे, बनियनवर शर्ट चढवत आलेले. ताईंनी कागद पुढे केला. काकांनी चष्मा शोधला, दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, कागद घडी करून खिशात ठेवला. “बरं झालं,” एवढंच. ताई म्हणाल्या, “काका, माझं चुकलं.” ते म्हणाले, “चहा घ्या.” “काही नाही गं” असं म्हणाले नाहीत, “जाऊ दे” असंही नाही. मी वाट बघत होते की ते म्हणतील आणि आम्ही सुटू. ते म्हणाले नाहीत, आणि त्यांनी का म्हणावं?

चहा आला. बिस्किटं आली. मग काकांनी, जणू काही रोजच्यासारखं, विचारलं, “पाटीवर नवी पद्धत कशी लिहिलीस? दोन रकाने केलेस का? संयुक्त विषय एका बाजूला, दलाचा एका बाजूला?”

“लिहिली नाही, काका. बोर्डावर ती नवीन चष्मेवाली बसते ना, तिने छापील कागद चिकटवलाय पाटीवर.”

“पाटीवर कागद? मग तिला सांग, विषय काय असं साहेबांना विचारायचंच नाही. पीएला विचारायचं, बैठक कुठल्या खोलीत आहे. खोलीवरून विषय कळतो. तळमजल्याची खोली म्हणजे तिघांची. हे तिला उद्याच सांग, नाहीतर ती रोज कोणाला तरी थांबवेल.”

ताईंनी कप खाली ठेवला. “मी आता बोर्डावर नाही, काका. हटवलं.”

काकांना हे ठाऊक नव्हतं. कागदावरची दुसरी ओळ त्यांनी वाचली होती, पण त्यात “संबंधित ऑपरेटर” होतं, आणि त्यांच्या डोक्यात ताईंसाठी तो शब्द कधी नव्हताच. त्यांनी खिशातून कागद पुन्हा काढला. वाचला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“दोघंही नाही तिथे,” ते म्हणाले. “मग तिला सांगणार कोण?”

काका तो कागद हातात धरून आमच्याकडे बघत राहिले, आणि आम्ही दोघी बशीतल्या बिस्किटांकडे.